पलीकडेच राहिलेला सिपियो

सिपियो फ्रेझरला बूड टेकवून बसलेला मी उभ्या जन्मात एकदाच पाहिला, आणि तोही जिथे कोणी बसू नये अशा जागी. ती जागा सांगेन, घाई करू नका. घाई करण्याचा मक्ता त्याचा होता.

सहा फुटांच्या वर उंची, पाय बगळ्यासारखे, रंग आम्हा सगळ्यांपेक्षा दोन छटा उजळ आणि डोळे राखाडी. आमच्या खाडीकाठच्या वस्तीत राखाडी डोळे दोघांचेच, एक सिपियोचे आणि दुसरे माझ्या मावशीच्या मांजराचे. मांजर निदान दुपारी झोपायचं. हा गडी जेवायचा तोसुद्धा उभ्याने. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा, आणि मक्याचा सांजा नि कोळंबी खात अंगणभर येरझारा. चर्चमध्ये तो दारापाशी उभा राहायचा आणि दुसऱ्या गाण्याला बाहेर, चौथ्याला पुन्हा आत. आमचे पाद्री एकदा भर उपदेशात थांबून म्हणाले होते की ब्रदर सिपियो, देव सगळीकडे आहे, तुम्ही त्याला शोधायला निघण्याची गरज नाही.

कामाचंही तेच. जमिनीतून फॉस्फेट खणलं, पाइनच्या रानात झाडांना खाचा पाडून डिंक काढला, सव्हाना बंदराच्या धक्क्यावर कापसाचे गठ्ठे लोटले, दीपगृहांना तेल पोचवणाऱ्या बोटीवर दोन वर्षं काढली. दरवेळी जाताना सांगून जायचा की आता येत नाही, आणि दरवेळी यायचा. एवढं कमी म्हणून की काय, त्याने आपलं राहतं घर तीनदा हलवलं. गाव सोडलं नाही हं, त्याच एका एकरात हलवलं. ओंडके खाली घालायचे, दोन खेचरं जुंपायची आणि घर ओढायचं. आधी खाडीकडे तोंड होतं, मग रस्त्याकडे केलं, मग ओकच्या झाडाखाली नेलं. तिसऱ्या खेपेला त्याची बायको टायरा आत भेंडीचा रस्सा ढवळत होती. घर हलायला लागलं तरी ती उतरली नाही. खिडकीतून डोकं काढून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मी नवरा केला होता गं बायांनो, घरात वारा आला. तोही दार उघडं टाकून.”

हे असं का, ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते सांगायचं तर थॉर्नली घराण्याची कुळकथा सांगावी लागते.

थॉर्नलींची कुळकथा दोन ठिकाणी ठेवलेली होती. एक खाडीपलीकडच्या थोरल्या घरात, काचेच्या कपाटात, आणि दुसरी आमच्या स्वयंपाकघरांत. कपाटातली नीटनेटकी होती, आमची चविष्ट होती. कपाटातल्या कथेप्रमाणे पहिला थॉर्नली बार्बाडोसहून आला तो शौर्य, सचोटी आणि चाळीस गुलाम घेऊन. आमच्या कथेप्रमाणे चाळीस गुलाम खरे, बाकीच्या दोन वस्तू वाटेत समुद्रात पडल्या. त्याच्या पणतवाचं नाव ऑगस्टस. चार भातमळे, साडेतीनशे माणसं आणि नावापुढे मेजर. लढाई त्याने एकही पाहिली नव्हती. परगण्याच्या हौशी शिपायांचा मेजर तो, आणि एका कवायतीत उधळलेल्या बैलाने त्याला चिखलात पाडलं, एवढीच त्याची रणभूमी. घरात मेजरीणबाई आणि त्यांची तीन मुलं. कपाटात तीनच लिहिली आहेत. आमची मोजणी वेगळी होती, पण ती मोठ्याने करायची सोय नव्हती.

मोजणीची एक खूण मात्र आजही उघड्यावर आहे. उत्तर-दक्षिणेच्या लढाईनंतर गुलामीतून सुटका झाली तेव्हा ज्याला त्याला आडनाव घ्यायचं होतं. ज्यांच्यात थॉर्नली रक्ताचा थेंब नव्हता त्यांनी खुशाल थॉर्नली घेतलं, भारदस्त वाटतं म्हणून. ज्यांच्यात होता त्यांनी मिळेल ते दुसरं घेतलं. म्हणून आमच्याकडे थॉर्नली नावाचा कोणी भेटला तर निर्धास्त समजावं, याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. सिपियोची आई फिबी थोरल्या घरची धोबीण. तिने नदीतून जाणाऱ्या आगबोटीवरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं, फ्रेझर. लेकाला म्हणाली, बोट जाते तरी, हे घर जागचं हलत नाही.

तर मेजर मेला अठराशे एकोणसाठच्या ऑगस्टमध्ये, दलदलीच्या तापाने. सिपियो तेव्हा चार महिन्यांचा. मेजर गेला त्या दिवसापासून पोर अंगावर पिईना, डोळे उघडे ठेवून कोपऱ्याकडे बघत राही. वस्तीतली सुईण मॉम हॅगर हिने ते पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं तान्हं लेकरू त्याच्या शवपेटीवरून देतात. अलीकडचा माणूस पलीकडच्याच्या हातात देतो आणि पलीकडचा परत अलीकडे देतो. मेलेल्याचा जीव आपल्या लहानग्यात गुंततो, त्याला हाका मारत राहतो. पेटीवरून नेलं आणि आणलं की त्याला कळतं, हे इकडचं आहे, आता तू जा. यात दोन गोष्टी पक्क्या. एक, पलीकडे गेलेलं लेकरू पेटीवरूनच परत आलं पाहिजे. दुसरी, मेलेल्याच्या रक्ताचंच लेकरू देतात. परक्याच्या पोराला मेलेला हाक मारतोच कशाला?

थोरल्या घराच्या ओसरीवर दोन खुर्च्यांवर मेजरची सायप्रसच्या लाकडाची पेटी ठेवली होती. मळ्यावरची माणसं एकामागून एक शेवटचं बघून जात होती. मेजरीणबाई काळ्या जाळीआड बसलेल्या, शहरातून आलेला नवा पाद्री शेजारी. मॉम हॅगर पोर घेऊन पेटीपाशी आली, पलीकडे मळ्याचा सुतार उभा होता, आणि कोणाला काही कळायच्या आत तिने पोर पेटीवरून त्याच्या हातात दिलं. गोऱ्या पाहुण्यांत कुजबुज झाली. नव्या पाद्र्याला वाटलं, या माणसांना आशीर्वाद हवा आहे. त्याने हात वर करून प्रार्थना सुरू केली, ती संपताच पेटी उचला म्हणाला, आणि सहा जणांनी पेटी उचलली. पोर राहिलं पलीकडे. सुताराने ते पाठीमागून वळसा घालून आणून दिलं. वळसा घालून! एरवी करवतीची रेघ चुकू न देणारा माणूस, पण घाबरला.

तेव्हापासून वस्तीचा निवाडा झाला की सिपियो अर्धाच परत आलाय. पावलं इकडे, बाकीचा पलीकडे. म्हणून त्याच्या पायाला भिंगरी.

तरुणपणी त्याने मॉम हॅगरला विचारलं होतं, यावर उपाय काय. ती तेव्हा नव्वदीची, डोळ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. ती म्हणाली की पुन्हा त्याच माणसावरून यावं लागेल. देणारा त्यांच्यातला पाहिजे, घेणारा आपल्यातला. तोपर्यंत मरू नकोस, कारण मेलास तर जिथे आहेस तिथेच राहशील, मेजरच्या अंगणात, त्याचे बूट पुसत. तुझी आई एकीकडे, तू दुसरीकडे.

एकदा तो एकटाच थॉर्नलींच्या दफनभूमीची भिंत चढून गेला आणि थडग्यावरून उडी मारून आला. काही फरक नाही, पुढच्याच आठवड्यात सव्हाना. देणाराच नव्हता ना. थॉर्नलींना जाऊन सांगणार काय, की या आणि मला माझ्या बापाकडून सोडवा? त्या दिवसांत याहून निम्म्या बोलण्यावरून माणसं नाहीशी झालेली आहेत. मग तो फिरत राहिला. साठी गेली, सत्तरी गेली.

एकोणीसशे छत्तीसच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाला, अंगात पाणी भरतंय, थंडी दिसेल असं नाही. सुजलेल्या पायांनीही तो चालायचाच, पण आता चालण्यात भीती होती. मी माझी जाळी विणत बसलेला असायचो, हा माझ्याभोवती फेऱ्या घालायचा, आणि प्रत्येक फेरीला एकच विचारायचा, तिथे आई दिसणार नाही का रे? दुरून तरी? मी पडलो थट्टेखोर माणूस, कोणाच्या मयतालाही दोन विनोद सांगतो, पण या प्रश्नाला मी मान खाली घालून जाळीची गाठच आवळायचो.

आणि त्याच ऑगस्टमध्ये मिस युडोरा थॉर्नली मोटारीतून त्याच्या दारात उतरली.

मिस युडोरा म्हणजे मेजरची नात, थोरल्या घरात उरलेली शेवटची. पासष्टीची, लग्न न केलेली, काडीसारखी ताठ. भातमळे बुडून पंचवीस वर्षं झाली होती, छप्पर गळत होतं, पण ती घराण्याचं पुस्तक लिहायला बसली होती. माझी मावशी लव्हिनिया तिच्याकडे स्वयंपाकाला. मावशीच्या सांगण्याप्रमाणे बाई पाच महिने पहिल्या थॉर्नलीच्या जहाजावरच अडकली होती, किनाऱ्याला लागतच नव्हती. आता ती मेजरच्या मयतापर्यंत पोचली होती आणि तिला कपाटात आजीचं एक पत्र सापडलं होतं.

ते तिने अंगणात उभ्याने वाचून दाखवलं. सिपियो तिच्याभोवती फिरत होता आणि तिची मान त्याच्यामागे फिरून दमत होती. टायरा पायरीवर, मी कुंपणाला टेकून. मेजरीणबाईंनी मयताच्या दिवशीच बहिणीला लिहिलं होतं, “आमच्या माणसांची निष्ठा काय वर्णावी. शेवटचा आशीर्वाद मिळावा म्हणून त्यांनी आपली तान्ही लेकरं माझ्या यजमानांच्या शवपेटीवरून धरली. पाहणाऱ्या प्रत्येकाचे डोळे पाणावले.”

टायराने एप्रनचं टोक तोंडात कोंबलं. मी हातातल्या जाळ्यात नसलेली गाठ शोधू लागलो. सत्त्याहत्तर वर्षं आम्ही जे ओठांबाहेर काढलं नाही, ते मेजरीणबाईंनी स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात लिहून कपाटात जपून ठेवलं होतं, आणि त्यांची नात आता ते छापायला निघाली होती. अभिमानाने!

सिपियो थांबला. चालायचा थांबला म्हणजे काय, आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

“त्यांतलं एक मूल तू होतास, असं लव्हिनिया म्हणते, अंकल सिपियो,” मिस युडोरा म्हणाली. आमच्या सगळ्याच म्हाताऱ्यांना गोरी माणसं अंकल म्हणतात, त्यात नातं नसतं. या खेपेला होतं, एवढंच.

“मीच.”

“मग आठवतं ते सगळं सांग. तुझं नाव घालीन पुस्तकात.”

“चार महिन्यांचा होतो, मिस युडोरा. पण ऐकलेलं सगळं सांगेन. आधी माझं एक काम करा.”

काम सांगताना त्याने खोटं सांगितलं नाही, फक्त सगळं सांगितलं नाही. त्या दिवशी रीत अर्धीच झाली, पाद्र्याने मध्येच पेटी उचलायला लावली, माझे पाय असे, मरण्याआधी ती पुरी व्हावी. मेजरच्या थडग्यापाशी तुम्ही एकीकडून माझा हात धरायचा, टायरा दुसरीकडून धरील, आणि मला पलीकडून अलीकडे द्यायचं. देताना म्हणायचं, घ्या, तुमचा तुम्ही घ्या. बस.

बाई हरखली. अशी जुनी रीत आपल्यासमोर घडणार, एक अख्खं प्रकरण होईल, म्हणाली. गुरुवारी सकाळी या, किल्ली मी आणते. मोटार गेल्यावर टायरा जे सुरू झाली ते संध्याकाळपर्यंत. म्हाताऱ्या, तुला अक्कल आहे का, भर दिवसा गोरी बाई तुझा हात धरणार, कोणी पाहिलं तर तुला पाण्याने मरायला वेळच मिळायचा नाही. तो म्हणाला की मग तू येऊ नकोस. ती म्हणाली, मी नाही आले तर घेणार कोण, ती मॉम हॅगर उठून येणार आहे का?

गुरुवारी मी माझ्या नावेतून दोघांना नेलं. नावेतही तो उभाच. खाडीत अर्ध्यावर त्याने डोलकाठीसारखा तोल धरला होता आणि टायरा त्याच्या विजारीचा पट्टा मुठीत धरून बसली होती.

थॉर्नलींची दफनभूमी विटांच्या भिंतीआड, ओकच्या झाडांखाली. मेजरचं थडगं मधोमध, गुडघ्याच्या वर येईल असा विटांचा चौथरा आणि वर पांढरी संगमरवरी फरशी. मिस युडोरा हातमोजे घालून, वही घेऊन हजर होती. सिपियो तिच्या बाजूला उभा राहिला, टायरा आमच्या बाजूला, मी भिंतीपाशी, कोणी येतंय का बघायला. थडग्यापेक्षा माझं लक्ष रस्त्याकडेच जास्त, हे कबूल करतो.

आता अडचण आली ती कोणाच्याही ध्यानात नव्हती. चार महिन्यांचं पोर पेटीवरून देता येतं. सव्वासहा फुटांचा, खांबासारखे पाय सुजलेला म्हातारा कसा द्यायचा? त्याने पाय उचलून पाहिला, चौथऱ्याच्या निम्म्यापर्यंत गेला. मिस युडोरा म्हणाली, आजोबांच्या दगडाला पाय लावू नकोस हं. तो म्हणाला, “उडता येत असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता.”

मग त्याने पाठ फिरवली आणि फरशीवर बसला. साधारण मेजरच्या छातीच्या अंदाजाने.

पाय मिस युडोराच्या बाजूला लोंबत, एक हात तिच्या हातात, दुसरा मागे टायराच्या हातात, आणि धाप लागलेली. मिस युडोराचं तोंड उघडं राहिलं. टायराला मात्र राहवलं नाही.

“बसलास? सत्तेचाळीस वर्षं मी खुर्ची पुढे करतेय, आणि बसलास तो इथे?”

“थोडा दम घेऊ दे.”

दम घेता घेता वेळ जात होता, आणि मिस युडोराला गप्प उभं राहणं जमेना. बोलायला काहीतरी हवं म्हणून, अगदी सहज, तिने विचारलं, “त्या दिवशी आणखी किती मुलं होती रे? आजीने लेकरं लिहिलंय.”

दहा-बारा, एवढं म्हणाला असता की झालं होतं. मला भिंतीपाशी वाटलं, म्हण बाबा, दहा-बारा म्हण. पण त्याने मला नंतर सांगितलं की खोट्यावर बसून आलो असतो तर पुन्हा अर्ध्यातच राहिलो असतो.

“मी एकटाच,” तो म्हणाला. “पेटीवरून मेलेल्याचंच मूल देतात, मिस युडोरा. दुसऱ्याचं नाही.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि काय पाहत होती ते मला कळत होतं. आमच्या वस्तीत ते राखाडी डोळे दोघांचेच होते, पण थोरल्या घराच्या दिवाणखान्यात ते सोनेरी चौकटीत टांगलेले होते, आणि ती त्यांच्याखाली रोज चहा प्यायची.

“तुझी आई...” ती म्हणाली आणि थांबली.

“फिबी. धुणं करायची तुमच्याकडे. सोळा वर्षांची होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.”

“माझ्या पपांना माहीत होतं?”

“दर नाताळला ते मला आपले जुने बूट द्यायचे. वस्तीत आणखी कोणाला नाही दिले. मला बरोब्बर यायचे.”

तिने हात काढून घेतला.

आता बघा कसा अडकला तो. पाय त्यांच्या बाजूला, हात आमच्या बाजूला, बूड मेजरवर. वळायची ताकद नाही, उतरायची ताकद नाही. मी पुन्हा रस्त्याकडे पाहून घेतलं, कारण बाई किंचाळली असती तरी पुरे होतं. ती किंचाळली नाही. ती फाटकाकडे बघत होती. तिथून निघून गेली असती तर तिला कोण अडवणार होतं?

टायरा सगळ्या जन्मात हळू आवाजात बोललेली मला आठवत नाही. तेव्हा बोलली.

“बाई, पुस्तकात घालू नका. कुठेच घालू नका. आम्हाला तुमचं काही नको. माझा माणूस तेवढा मला द्या.”

मिस युडोराने वही फरशीवर ठेवली. मग ती वाकली. हात धरायचा सोडून तिने त्याचे पायच उचलले, आधी एक, मग दुसरा. सुजलेले, चिखलाचे, तिच्या पांढऱ्या हातमोज्यांत. काडीसारखी बाई, कण्हत, पासष्टीची, आणि ते जड पाय तिने दगडावरून ओढून वळवले आणि आमच्या बाजूला सोडले.

“घ्या,” ती म्हणाली. शिकवलेलं वाक्य विसरली असावी, किंवा तिला ते म्हणायचं नसावं. थोड्या वेळाने म्हणाली, “आमच्याकडे राहिला होता.”

टायराने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभा केला. तो उभा राहिला, डुलला, आणि बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकून लहान पोरासारखा रडला. टायरा त्याच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, आलास, बरं, आलास, किती वेळ लावलास. मिस युडोरा आमच्याकडे पाठ करून फरशीवरचा चिखल रुमालाने पुसत होती. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती.

परतताना मी त्याला म्हटलं, आता तरी नावेत बस. बसला नाही. टायराने पुन्हा पट्टा धरला.

पुस्तक दोन वर्षांनी निघालं. मावशी सांगते की बाईने ते मयताचं प्रकरण अकरा वेळा लिहिलं आणि रोज ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची, इतकी की मावशीला वाटलं, आमच्याकडून काही भलतंच पलीकडे तर नाही ना गेलं. छापलेल्या पुस्तकात मेजरचं मयत आहे. हवा कशी होती ते आहे, पेटीचं लाकूड आहे, गायलेली गाणी आहेत. लेकरं नाहीत. आजीचं पत्र कपाटातून गेलं ते कुठे गेलं हे मावशीलाही कळलं नाही, आणि मावशीला न कळलेली ही त्या घरातली एकच गोष्ट. मिस युडोरा त्यानंतर आमच्याकडे कधी आली नाही.

सिपियोचं म्हणाल, तर त्या गुरुवारी तो घरी येऊन झोपला तो शनिवारी उठला. सगळ्या वस्तीने दारातून डोकावून पाहिलं, झोपलेला सिपियो कसा दिसतो ते. टायराने बायांना सांगून टाकलं की झालं, सुटला, आता माणसासारखा राहील. रविवारी सकाळी त्याने तिला उठवलं आणि खाट दुसऱ्या भिंतीला लावू म्हणाला. सोमवारी खिडकीखाली. मंगळवारी मला बोलावलं, एक टोक धर म्हणून.

टायरा कमरेवर हात ठेवून उभी. “मेजरने धरून ठेवलं होतं म्हणून फिरत होतास ना? आता कोणी धरलंय?”

“तेव्हा पळत होतो,” तो म्हणाला. “आता नुसता फिरतोय.”

“मला फरक दाखव.”

तिला दिसला नाही, पण मला दिसला. आई दिसेल का, हे त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. उलट खाडीकाठी आमच्या दफनभूमीत जाऊन तो आपली जागा ठरवायला लागला. एक काठी घ्यायचा, रोवायचा, मागे सरून बघायचा. पुढच्या आठवड्यात काठी उपटून दुसरीकडे. इथे भरतीचं पाणी येतं. इथे सावली फार. इथून चर्चमधलं गाणं ऐकू येईल पण उपदेशही येईल. थडगी खणणाऱ्यांनी मला विनवलं की त्याला सांगा, एकदाचं ठरव, आम्ही दोन वेळा खूण करून बसलोय.

डॉक्टरने थंडी दिसायची नाही सांगितलं होतं, त्याने फेब्रुवारी गाठला. गेला तो दुपारी, जेवण झाल्यावर, दारात उभा असताना. त्या दिवशी काठी दफनभूमीच्या अगदी टोकाला होती, जिथून नदी दोन्ही बाजूंना दिसते. छान जागा होती. सगळे म्हणाले, तिथेच ठेवू, त्याची शेवटची इच्छा.

टायरा गेली, काठी उपटली आणि गुडघ्यावर मोडली. मग तिने फिबीच्या थडग्यापाशी जाऊन जमिनीवर पायाने रेघ मारली. एका बाजूला फिबी, दुसऱ्या बाजूला ओकचं जाडजूड मूळ, मध्ये जेमतेम एक पेटी जाईल एवढी जागा. खणणारे म्हणाले, आई, फारच अरुंद होतंय, त्याला कूस बदलायलाही जागा राहायची नाही.

“म्हणूनच,” टायरा म्हणाली. “खणा.”